पन्हळीत आलेलं जास्तीचं पाणी

गोव्यात पेडण्यातल्या एका हायर सेकंडरीत मी फिजिक्सची लॅब सांभाळतो, ही मार्चमधली गोष्ट. अकरावीच्या दोन मुली सोलर स्टिलचा, म्हणजे उन्हाने पाण्याची वाफ करून शुद्ध पाणी काढायच्या पेटीचा, प्रोजेक्ट करत होत्या, एक पार्सेची, एक आगरवाड्याची. विषय त्यांनीच काढलेला, कारण आगरवाड्याच्या मुलीच्या घरची विहीर खाडीला लागून आहे आणि उन्हाळा लागला की पाणी मचूळ होतं, भांडी कपडे होतात पण प्यायला नको वाटतं.

गच्चीवर दोन पेट्या मांडल्या होत्या, दोन्ही अर्ध्या चौरस मीटरच्या. प्लायवूडची पेटी, आत थर्माकोल, त्यावर फळ्याचा काळा रंग दिलेला पत्र्याचा ट्रे, ट्रेमध्ये विहिरीचं पाणी आणि वर तिरकी काच. पाण्याची वाफ काचेला आतून लागते, तिचं परत पाणी होऊन ते घसरत खाली पीव्हीसी पाइप चिरून केलेल्या पन्हळीत येतं आणि नळीने कॅनमध्ये पडतं. काचेचा उतार १५ अंश, आपला अक्षांश साधारण तेवढाच म्हणून, आणि तोंड दक्षिणेला. एक पेटी साधी ठेवायची, दुसरीत एकेक बदल करत जायचं असं ठरलं होतं.

साधी पेटी रोज १.३ लिटर द्यायची. दुसरीत आधी पाण्याची खोली ५ सेंटिमीटरवरून २ वर आणली, कमी पाणी लवकर तापतं, मग काचेच्या कडांना सिलिकॉन भरून वाफ पळायची बंद केली, एवढ्याने दीड लिटरपर्यंत गेलो. मला विचाराल तर या कडा भरायच्या कामाला कोणी किंमत देत नाही पण वाफ करायला खर्च झालेलं ऊन फटीतून गेलं तर बाकीचे सगळे बदल वाया. शेवटी पार्सेची म्हणाली गोणपाट घालू. काळं रंगवलेलं गोणपाट थर्माकोलच्या उंचवट्यांवर पसरायचं, ते खालून पाणी ओढून घेतं, पातळ थर पटकन तापतो आणि वाफ सुटायला पृष्ठभागही वाढतो. कल्पना चांगलीच होती.

आम्ही सकाळी साडेसात ते दुसऱ्या सकाळी साडेसात मोजायचो, कारण ऊन गेल्यावरही ट्रे गरम असतो आणि पाणी येत राहतं. गोणपाट घातल्याच्या दुसऱ्या दिवशी कॅन मोजला तर ४.२ लिटर! मुलींनी उड्या मारल्या, व्हिडिओ काढला, एकजण धावत जाऊन प्राचार्यांना सांगूनही आली. तीन दिवसांवर प्रदर्शन होतं. मलाही खूप आनंद झाला, खरंच सांगतो, दहा एक मिनिटं मी तो कॅन हातात घेऊन बघत होतो.

मग त्यांच्याच चार्टकडे नजर गेली. त्यावर चिलीतल्या लास सालिनासचं स्टिल होतं, १८७२ चं, खाणीवरच्या खेचरांना पाणी पुरवायला वाळवंटात बांधलेलं, ४७०० चौरस मीटरच्या आसपास आणि दिवसाला साधारण २३ हजार लिटर. म्हणजे चौरस मीटरला पाच लिटरसुद्धा पुरते नाहीत. आणि आमचं अर्ध्या चौरस मीटरला ४.२, म्हणजे मीटरला ८.४?

फळ्यावर हिशोब मांडला. मार्चच्या स्वच्छ दिवशी इथे एका चौरस मीटरवर साधारण ६ युनिट (विजेच्या बिलात असतं तेच युनिट) ऊन पडतं, आमच्या पेटीला ३. एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६५ युनिट लागतात. उन्हाचा कण न् कण वापरला तरी ४.६ लिटरच्या वर जाता येत नाही, आणि साधी पेटी तर त्यातलं तीसेक टक्केच वापरत होती. ४.२ म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर. काच थोडं ऊन परतवते, पेटी बाहेर उष्णता टाकते, नव्वद कुठून येणार?

"सर, मग आमचं चुकलं?"

"बाय, आधी टीडीएस मीटर आण."

हा मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पहिला आठवडा त्या रोज मीटर लावत होत्या, दरवेळी वीसच्या आत यायचं म्हणून मग सोडून दिलं होतं. कॅनमधलं पाणी १०८०. विहिरीचं १९००.

काच उचलली तेव्हा कारण समोरच होतं. गोणपाटाचं एक टोक ट्रेच्या काठावरून पलीकडे पन्हळीत लोंबत होतं. मी म्हटलं समईची वात बाहेर लोंबली की ताटलीत तेल जमतं बघा, तसंच. धागे पाणी वर ओढतात, आणि टोक ट्रेमधल्या पाण्यापेक्षा खाली असेल तर ते वाहतच राहतं, ऊन असो नसो, रात्रभर.

पार्सेची रडायला लागली. आगरवाड्याची मात्र खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. १९०० च्या पाण्यात शुद्ध पाणी मिसळून १०८० झालं, एकूण ४.२ लिटर, तर मचूळ किती? २.४ आलं. म्हणजे खरं पाणी १.८ लिटर. मी काहीच बोललो नाही, तिचं उत्तर बघून मला भरून आलं.

गोणपाट चार बोटं कापलं, काच बसवली, परत सिलिकॉन. दुसऱ्या सकाळी १.७५ लिटर, टीडीएस १४. साध्या पेटीपेक्षा एक तृतीयांश जास्त आणि तिने फळ्यावर काढलं होतं जवळपास तेवढंच. रडलेली मुलगी तो कॅन खाली ठेवायला तयार नव्हती.

प्राचार्यांना त्या दोघींनीच जाऊन खरा आकडा सांगितला. ४.२ ची नोंद वहीतून खोडू दिली नाही मी, बाजूला लाल पेनाने कारण लिहून घेतलं आणि प्रदर्शनात वही उघडीच ठेवली, लोक चार्टपेक्षा तेच पान जास्त वाचत होते.

परवा आगरवाड्याची घराचं अंगण मोजून आली. म्हणाली, "सर, सात पेट्या मावतात, सव्वाबारा लिटर. पावसात विहीर गोडी होते, तेव्हा पेट्या आत घेऊ." प्लायवूड कुठे स्वस्त मिळेल ते आता आम्ही म्हापशात विचारतोय.