त्रेसष्ट लिहिताना हात कुठून सुरू होतो

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षकांची शिक्षण परिषद साडेअकराला सुरू झाली आणि यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन शाळा-नोंदणीत राहिलेली मुले, आधारवरची न जुळणारी नावे, पोषण आहाराच्या नोंदी यांत पाऊण तास संपला. हे दर महिन्याचेच. तालुक्याच्या गट साधन केंद्राचा गणिताचा साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणारा, म्हणून माझ्या वाट्याला दीड तास उरला. विषय होता तिसरी-चौथीचे संख्यालेखन.

आठ दिवस आधी सगळ्या शाळांना दहा संख्यांचे श्रुतलेखन दिले होते: 63, 36, 17, 70, 39, 59, 84, 105, 304, 163. प्रत्येक संख्या दोनदा आणि रोजच्या बोलण्यासारखी सांगायची. ‘तीनशेऽऽ... चार’ असे तोडून सांगितले की निम्मे उत्तर आपणच देतो. कागद न तपासता आणायचे, असेही कळवले होते. तरी बहुतेकांवर लाल पेनने ‘10 पैकी 6’ होतेच. लाल पेन सुटता सुटत नाही.

गुण झाकून कागद जमिनीवर पसरले आणि मुलांऐवजी चुकांच्या थप्प्या लावल्या. पहिली थप्पी 105 ऐवजी 1005 आणि 304 ऐवजी 3004 लिहिणाऱ्यांची. ही मुले ऐकतात ते इमानाने लिहितात, आधी शंभर, मग पाच. दुसरी थप्पी ‘एकोण’ची: एकोणसाठचे 69 किंवा 61, एकोणचाळीसचे 49 किंवा 41. ‘साठ’ कानावर आला की 6 लिहून मोकळे. तिसरी 17 आणि 70 मधल्या गोंधळाची. चौथी अपेक्षित होती, 63 चे 36.

मराठीत 11 पासून एकक आधी ऐकू येतो आणि दशकाचे नाव रूप बदलते. साठचा सष्ट, सत्तरचा हत्तर, पन्नासचा कुठे वन्न तर कुठे पन्न. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची जोड दिली ती यासाठीच. तेव्हा भाषा बुडाली म्हणून केवढा गदारोळ झाला! वर्गात मात्र कन्नड घरातल्या मुलाला ही अडचण कमी येते, कारण त्याच्या भाषेत दशक आधी असतो.

‘मग 1 ते 100 पाच वेळा लिहून घेऊ,’ एक सर म्हणाले. मी यजमान शाळेतल्या एका मुलीला फळ्यावर 61 ते 69 लिहायला सांगितले. तिने वरून खाली नऊ वेळा 6 काढला आणि मग शेजारी 1 ते 9 उतरवले. त्यात एकसष्ट ही संख्या कुठेच नव्हती. सर हसले.

खरी गोष्ट पुढे कळली. तिसरीतल्या एका मुलाच्या कागदावर 63, 36, 84 बरोबर होते, फक्त 163 च्या जागी 136. त्याच्या मॅडमचे निदान, ‘दोन अंकी येते, तीन अंकी कच्चे आहे.’ त्याला समोर बसवून पुन्हा त्रेसष्ट सांगितले आणि सगळ्यांना त्याच्या पेन्सिलीकडे बघायला लावले. त्याने आधी 3 लिहिला, मग डावीकडे 6. ‘असं का रे?’ ‘तीन आधी ऐकू येतो ना, सर.’ एकशे त्रेसष्ट सांगितल्यावर त्याने 1 लिहिला, त्याला चिकटून 3, आणि 6 ला डावीकडे जागाच उरली नाही. तो उजवीकडे गेला. म्हणजे दोन अंकीही कच्चेच होते. कागदावर ते दिसत नव्हते, हातात दिसत होते.

मग कार्डे काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे एका अंकाला 4 सेंमी धरून शतकाचे कार्ड (जसे 300) 12 सेंमी रुंद, दशकाचे (जसे 60) 8, एककाचे 4, उंची सगळ्यांची 5. कार्डांच्या उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवली की 300 आणि 4 चे 304 होते, कारण 4 खाली एक शून्य झाकला जातो. डावी कड जुळवली तर 400 दिसतात. कापताना अंक कमी-जास्त रुंद झाले तरी सगळे फसते. दोन गटांचे फसलेच.

‘एकोण’साठी काड्या घेतल्या. गठ्ठे मुलांनीच बांधायचे, डिंकाने चिकटवलेले तयार गठ्ठे निरुपयोगी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. त्याच मुलासमोर दहाचे सहा गठ्ठे ठेवून एक काडी मागितली. त्याने गठ्ठे उलटसुलट केले, सुटी काडी कुठेच नव्हती. शेवटी एकाचे रबर काढले, एक काडी मला दिली आणि उरलेल्या मोजल्या. पाच गठ्ठे, नऊ सुट्या. हातच्याच्या वजाबाकीत आपण फळ्यावर ‘दशक सुटा करा’ म्हणतो ते हेच. मग कार्डांवर 100, 50, 9 लावून त्याने 159 वाचले.

शेवटी कार्डे उचलून पुन्हा एकशे त्रेसष्ट सांगितले. त्याने 1 लिहिला, थांबला, एका बोटाएवढी जागा सोडून 3 लिहिला आणि मधे 6 भरला.

‘हे बरोबर धरायचं का, सर?’ मॅडमनी विचारले. धरायचे. दशकाची जागा आहे हे त्याला कळले, म्हणून तर त्याने ती मोकळी सोडली. मॅडमनी त्याच्या कागदावर 163 खाली बारीक अक्षरात लिहिण्याचा क्रम नोंदवला: 1, 3, 6.