तुम्ही विचारलंत म्हणून: काकू, तुम्ही ऑर्डरी का घेत नाही?

लिफ्टमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, एसटीत, जिथे जिथे मी पिशवीतून सुया बाहेर काढते तिथे हा प्रश्न येतोच, आणि येतो तो कौतुकातून, म्हणून धड चिडताही येत नाही. 'काय सुंदर विणता हो काकू, ऑर्डरी घेता का?' नाही म्हटलं की 'का?' आणि त्याच्या पाठोपाठ 'अहो इन्स्टावर पेज काढा, हातोहात जाईल सगळं.' आजवर मी 'बघू' म्हणून हसत आले. आता एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

नाशकात स्वेटर लागतो का वगैरे मी सांगत बसणार नाही, डिसेंबर आला की निफाडचा पारा कितीवर गेला त्याची बातमी तुम्हीच मला फॉरवर्ड करता.

आधी हिशेब, कारण आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलंय आणि हिशेब दिला की लोक गप्प बसतात हा अनुभव आहे. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा साधा स्वेटर घ्या, वेणीबिणी काही नाही. मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरच्या सुया, १० सेंटीमीटरला २२ टाके. पुढचा भाग १०० टाके रुंद आणि साधारण १७० ओळी उंच, म्हणजे झाले १७,००० टाके. मागचा तेवढाच. दोन बाह्या मिळून आणखी एक तेवढाच. काखेला नि गळ्याला घटवलेले वजा केले तरी ५०,००० च्या आसपास येतात. माझा हात मिनिटाला २५ टाके चालतो, मध्ये चहा नाही, फोन नाही, कुणी बेल वाजवली नाही असं धरलं तरी ३३ तास झाले, शिवाय बाह्या जोडायच्या, गळपट्टी करायची, धाग्यांची टोकं आत लपवायची ते वेगळंच. तासाला ५० रुपये लावले (आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी या दराला हसतील) तरी नुसती मजुरी १,६५० आणि वर लोकर. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये लुधियानाचा मशीनवरचा स्वेटर याच्या कितीतरी कमी पैशात मिळतो, रंगही दहा.

इथे माणसं मान डोलावतात आणि विषय संपतो. पण खरं सांगायचं तर हे माझं कारण नाही, मी ते पुढे करते कारण ते पटकन पटतं. या किमतीला घेणारी माणसं आहेत, मला भेटलेली आहेत, आणि एकीने तर दिलेसुद्धा. त्याबद्दल पुढे.

मला विणण्यात काय मिळतं हे कुणी विचारत नाही, ते मात्र मला भरभरून सांगायचंय. नव्या लडीचा गुंडा करायचा असतो तेव्हा नवरा दोन्ही हात पुढे करून, त्यांवर लडी अडकवून क्रिकेट बघत बसतो, विकेट पडली की त्याचे हात वर जातात आणि लोकर गुंतते, यावरून आमची भांडणं ठरलेली. मग तो मापाचा तुकडा, म्हणजे १० सेंटीमीटरला किती टाके बसतात ते बघायला आधी विणायचा छोटा चौकोन, जो माझी भाची कधीच विणत नाही आणि नंतर रडते. एकदा तिने नेटवरून अमेरिकन पॅटर्न पाठवला, सुया ८ नंबर, मी आपल्या ८ नंबरने तुकडा विणला तर तो चिमुकला आला, मग कळलं की त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर आणि आपला ४. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे नंबर वाढला की जाड. हे समजल्यावर मला जो आनंद झाला तो कुणाला समजावून सांगणार? जुना स्वेटर उसवून त्याची कुरळी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, लडी धुऊन खाली जरासं वजन लावून दोरीवर टाकायची, संध्याकाळपर्यंत ती सरळ होते आणि पुन्हा नवी.

आणि मोज्याची टाच! साठी उलटल्यावर शिकले मी ती, यूट्यूबवर. चार सुयांवर गोल गोल नळी चाललेली असते, मग अर्धे टाके नुसते थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या अर्ध्यांवर मागे-पुढे विणायचं, प्रत्येक ओळीला टोकाचा एक टाका न विणता सोडायचा आणि उलट फिरायचं. ओळ आखूड आखूड होत जाते. मधे थोडेसेच टाके उरले की सोडलेले एकेक परत उचलत यायचं. सुरुवातीला तर वाटतं काहीतरी गडबड झाली आहे, नुसता चोळामोळा दिसतो, आणि मग एका ओळीला बोट आत घालून बघावं तर तिथे वाटीसारखा खोलगा तयार झालेला असतो, बरोबर टाचेच्या मापाचा, कापलं नाही, शिवलं नाही, फक्त कुठे वळायचं एवढंच ठरवलं. पहिली टाच झाली तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि मी नवऱ्याला उठवून दाखवली. त्याने 'छान' म्हटलं आणि कूस बदलली. बरोबरच आहे.

आता ती ऑर्डर.

शेजारणीच्या नातवासाठी मी बाळाचा सेट केला होता, स्वेटर, टोपडं, पायमोजे. तो बघून लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान असलेल्या एक बाई घरी आल्या. अशाच डिझाइनचे दोन डझन सेट हवे, चार रंगांत. भाव त्यांनीच सांगितला आणि तो चांगला होता, घासाघीस अजिबात नाही, अॅडव्हान्स हातात. आता लिहिताना वाटतं त्यांनी घासाघीस केली असती तर माझं काम सोपं झालं असतं, 'बायकांच्या हातच्या कामाला किंमत नाही' एवढं म्हणून मोकळी झाले असते. पण तसं काही झालं नाही. मी खुशीत होते. पहिले काही सेट केले, इस्त्री न लावता नुसते दमट फडक्याखाली सारखे करून वाळवले, बटणं लावली, देऊन आले, पैसेही लगेच मिळाले.

आठवड्याने फोन. 'काकू, क्वालिटी एक नंबर आहे, पण एक प्रॉब्लेम होतोय. कस्टमरना वाटतंय हे मशीनचं आहे.' मी म्हटलं, अहो मग सांगा त्यांना. तर म्हणाल्या, टॅग लावलाय हो हॅन्डमेडचा, पण लोक हातात घेऊन बघतात आणि ठेवून देतात, फार सारखं आहे ते. 'तुम्ही काय करा, जरासं, म्हणजे चूक नाही म्हणत मी, पण कुठेतरी एखादा टाका इकडेतिकडे, एखादी बाही उन्नीस-बीस. हल्ली लोकांना तेच आवडतं, जरा हातचा फील येतो.'

मला विणायला शिकवलं माझ्या आत्याने. आत्या दोन्ही बाह्या एकाच सुईवर घालायची, दोन वेगवेगळ्या गुंड्यांनी, म्हणजे या बाहीची एक ओळ झाली की त्या बाहीची एक ओळ, घट-वाढ दोन्हींकडे एकाच वेळी, उन्नीस-बीस व्हायची सोयच ठेवली नव्हती तिने. स्वयंपाकघराच्या दारातून तिला माझा चुकलेला टाका दिसायचा. 'खालून नववी ओळ' म्हणायची आणि कणिक मळायला लागायची. मी मोजून बघायची, नववीच असायची. मग उसवा. सहावी-सातवीतली पोर मी, हुंदके देत उसवायची.

त्या रात्री मी गुलाबी बाही घेऊन बसले. दुकानवाल्या बाईंचं चूक काय होतं? दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, मी पैसे घेतलेले. गिऱ्हाईकाला डाळ पातळ आवडते तर पातळ करून द्यावी. सुलट बाजूच्या मधोमध एका टाक्याच्या जागी मी मुद्दाम उलट टाका घातला आणि पुढे विणत गेले. एक ओळ, दोन, चार. त्या गुळगुळीत सुलटीत एक आडवं टिंब आलं होतं, तिळाएवढं. नवऱ्याला दाखवलं, कुठे आहे ते त्याला सापडेचना. मला मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढची ओळ विणताना नजर सुईवर हवी तर ती खाली त्या टिंबावर. शेवटी त्या टाक्याच्या रांगेवर आले तेव्हा सुईवरचा टाका सोडून दिला, ओढून खाली खाली उतरू दिला त्या टिंबापर्यंत, मधे नुसते आडवे धागे शिडीसारखे उरले, आणि मग क्रोशाची सुई घालून एकेक धागा ओढत सुलट करत वर आणला. चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी ताणलं. गेलं.

आणि मग मला रडू आलं. कसलं रडू ते आजही मला सांगता येणार नाही, राग नक्की कुणाचा होता तेही नाही. त्या बाईंचा नव्हता एवढं नक्की. 'एवढं सुबक आहे म्हणून माणसाच्या हातचं वाटत नाही', हे वाक्य आत्याला ऐकवायची सोय उरली नव्हती, त्याचंही असेल.

सकाळी फोन करून उरलेली ऑर्डर होणार नाही म्हणून कळवलं, राहिलेला अॅडव्हान्स परत केला. 'काकू, एवढ्याशा गोष्टीवरून?' त्यांनी पुढे माल देण्याचे शब्द दिले होते, त्यांची पंचाईत झाली, आणि त्यांचा राग मला मान्य आहे. रस्त्यात दिसल्या की हसतात, थांबत नाहीत.

आता माझ्यातलीच एक बाई उठून उभी राहते, तिचं काय करू? बँकेत असताना ८ मार्चला हीच बाई माइक हातात घेऊन सांगायची की बायकांनी फुकट राबणं बंद करावं, प्रत्येक कामाची किंमत लावावी आणि वसूल करावी. हीच बाई आत्यालाही बोलली होती. १९६२ साली चीनच्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, तशी आत्याही मंडळात बसून विणायची, त्यानंतर अख्ख्या खानदानाचे बाळंतविडे केले, आणि काका आजारी पडले तेव्हा औषधाला पैसे नव्हते. मी तिला म्हटलं होतं, तू हे सगळं विकायला हवं होतंस. ती म्हणाली, 'मग तू काय घातलं असतंस?' मला तेव्हा ते उत्तर बावळट वाटलं होतं. अजूनही अर्धं बावळटच वाटतं, कारण औषधांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तुम्हाला पेन्शन आहे म्हणून हे चोचले, असं एकीने तोंडावर ऐकवलं. आहे. पेन्शन आहे म्हणूनच. आमच्या मागच्या गल्लीतली एक जण क्रोशाची तोरणं, रुखवताचे रुमाल करून घर चालवते, तिच्या दारात उभं राहून मी आनंदाच्या गप्पा मारणार नाही, आणि तिला तिचं काम कमी आवडतं असंही मी म्हणणार नाही, मी तिला विचारलेलंच नाही. त्या पहिल्या लॉटच्या पैशांची मी मेरिनो लोकर आणली, इम्पोर्टेड, मूठभर गुंड्यांत पैसे संपले, आणि बिल देताना जे वाटलं ते पेन्शनचे पैसे देताना कधी वाटलेलं नाही. तेव्हा पैशाचा मला आनंद झाला नाही असं कुणी समजू नका. दुसरं दुकान भेटलं असतं तर आज कदाचित माझं इन्स्टावर पेज असतं आणि तुम्ही सगळे ते फॉलो करत असता. किंवा महिन्याभरात सुया माळ्यावर गेल्या असत्या. मला खरंच माहीत नाही. एवढं मात्र बघितलंय की ते सेट विणत होते तेव्हा मी टाके कमी आणि उरलेले सेट जास्त मोजत होते, टीव्हीवर काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि नवऱ्याने लडीसाठी हात पुढे केले की मी म्हणायची राहू दे, तुझ्यामुळे उशीर होतो.

तर ऑर्डर नाही. बाळ होणार असेल तर सांगा, मनात आलं तर करीन, रंग मी ठरवणार, तारीख विचारायची नाही. शिकायचं असेल तर मात्र जरूर या, दुपारी चारनंतर मी घरीच असते. येताना १० नंबरच्या सुया आणा आणि लोकर फिकट रंगाची आणा, काळी किंवा गडद निळी नको, नवशिक्याला टाके दिसत नाहीत. मापाचा तुकडा विणायचा कंटाळा असेल तर येऊ नका. फी घ्यायची की नाही ते माझं अजून ठरलेलं नाही.