नोत्र-दामचं न दिसणारं छप्पर

आज अखेर पॅरिसचं नोत्र-दाम पाहिलं. प्रवेश फुकट, त्यामुळे गर्दी मंगळवारच्या सिद्धिविनायकासारखी. आतला दगड इतका उजळ आहे की आठशे वर्षं जुनं चर्च वाटतच नाही.

पण मी ज्यासाठी गेले ते खालून दिसतच नाही! 15 एप्रिल 2019 च्या आगीत जळालेला छपराचा ओकचा सांगाडा, ज्याला तिथले लोक 'जंगल' म्हणत, तो दगडी कमानींच्या वर झाकलेला होता. नवाही तिथेच, आणि जुन्याच पद्धतीने केलेला. ओलं लाकूड, आणि तासणी हाताने, कुऱ्हाडीने. त्यासाठी कुऱ्हाडीसुद्धा खास घडवून घेतल्या.

ह्यांचा प्रश्न ठरलेला, "अगं, यंत्रं नव्हती का?" होती की. पण यंत्राची करवत सरळ रेषेत जाते, लाकडाचे धागे वाटेत कापत. सुतार खोडाचा कल बघून धाग्याच्या कडेने तासतो, म्हणून तुळई मजबूत राहते. खोड थोडं वाकडं असेल तर तुळईही थोडी वाकडी.

नशीब म्हणजे 2014 साली दोन वास्तुविशारदांनी या सांगाड्याची बारकाईने मापं घेऊन ठेवली होती. नाहीतर कशावरून बांधणार होते?

छतावर पुन्हा शिसंच घातलंय, ते मात्र मला पटलं नाही. आगीत वितळून त्याचीच धूळ आसपास पसरली होती ना?

बाहेर येऊन शिखरावरचा सोनेरी कोंबडा शोधला. त्याच्या पोटात या कामावर राबलेल्या जवळजवळ 2000 लोकांची नावं ठेवलीत म्हणे. ह्यांना तो दिसला, मला चष्मा बदलूनही नाही.