‘रक्त कमी आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारा: कायनं कमी आहे?

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यात कोणाच्याही घरी जा, एखादी बाई नाहीतर पोरगी अशी निघतेच की जिला कधीतरी सांगितलेलं असतं, अंगात रक्त कमी आहे. मग टॉनिकची बाटली येते, बीट येतं, डाळिंब येतं आणि विषय तिथंच संपतो. माझ्या बहिणीच्या पोरीचं हेच झालं. लहानपणापासून हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे दिसायचे, आणि दर वेळी तेच टॉनिक. खूप उशिरा कोणीतरी नीट तपासणी करायला लावली तेव्हा कळलं सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी वाकड्या होण्याचा जन्मजात आजार, आणि तोही एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडूनही सिकलचा जीन आलेला. तेव्हापासून रक्ताबद्दल मिळेल ते वाचतो, डॉक्टर भेटले की विचारतो, आणि जे समजलं ते आपल्या लोकांना सांगावंसं वाटतं म्हणून लिहितोय.

रक्त कमी म्हणजे रक्ताचं माप कमी झालं असं बहुतेक वेळा नसतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त पुढे ढकलतं, उजव्या बाजूनं फुफ्फुसात, तिथं ऑक्सिजन घेऊन डाव्या बाजूला परत, आणि तिथून डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत. कमी झालेलं असतं ते हिमोग्लोबिन, म्हणजे लाल पेशीतला तो पदार्थ जो ऑक्सिजन धरून नेतो. बाईचं 12 च्या खाली, पुरुषाचं 13 च्या खाली, गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. आता ते लोह कमी पडल्यानं झालं, पाळीत जास्त रक्त जाण्यानं झालं, पोटात जंत आहेत म्हणून झालं का पेशीच लवकर फुटतात म्हणून झालं, हे आकडा सांगत नाही. आणि बिटाचा रंग लाल आहे म्हणून त्यानं रक्त वाढतं हे तर डोक्यातून काढाच, त्यापेक्षा हिरवी भाजी, डाळ, त्यावर लिंबू पिळा आणि जेवणासोबतचा चहा बंद करा, चहानं जेवणातलं लोह अंगी नीट लागत नाही.

सिकलमध्ये गोष्ट वेगळी आहे. चांगली लाल पेशी गोल, चपटी आणि लवचिक असते, 7-8 मायक्रॉनची, आणि काही केशवाहिन्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तनळ्या, तिच्याहून बारीक असतात तरी ती वाकून, दबून निघून जाते, असं 120 दिवस करते. सिकलच्या पेशंटमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिड या कडीऐवजी व्हॅलिन ही दुसरीच कडी बसलेली असते, बस एवढाच फरक! पण त्यानं काय होतं की ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून कडक होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक नळीत अडकते, मागचं रक्त थांबतं, आणि जिथं थांबलं तिथं जीव जाईल इतकं दुखतं. अशी पेशी 10-20 दिवसांतच फुटते, म्हणून हिमोग्लोबिन कमी आणि डोळे पिवळे. लोह मात्र अंगातच राहतं, त्यात वारंवार रक्त चढवलं तर ते साचतं. म्हणून सिकलच्या लेकराला लोहाची गोळी तपासल्याशिवाय, डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. त्याला नव्या पेशी बनवायला फॉलिक ॲसिड लागतं.

दुखणं कशानं उठतं? पाणी कमी पडलं, अंग थंडीनं गारठलं, ताप आला, फार दमलं. आता आपल्याकडचं बघा, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटेपासून जंगलात, पाणी असेल तेवढंच, आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीला दिवसभर बांधीत गुडघाभर पाण्यात वाकून, वरून पाऊस. दोन्ही हंगाम सिकलच्या माणसाला वाईट. तरी लोक म्हणतात, ‘कामचुकारपना करून रायली’. हे ऐकलं की मला खरंच राग येतो. ती पोरगी नाटक नाही करत हो, तिच्या हाडात रक्त अडलेलं असतं!

लहान लेकराचं अजून एक. जन्मल्यावर काही महिने त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं म्हणून काही दिसत नाही, सहाएक महिन्यांनंतर हाताची-पायाची बोटं सुजतात. आणि सिकलच्या लेकराला ताप आला तर घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना, कारण प्लीहा, म्हणजे इन्फेक्शनशी लढणारा पोटातला अवयव, खराब झालेली असते आणि इन्फेक्शन झपाट्यानं वाढतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती लग्नावरून. एएस म्हणजे एकाच बाजूनं सिकलचा जीन आलेला, वाहक, पेशंट नव्हे. मी स्वतः एएस आहे, सगळी कामं करतो. एएसला उलट जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा जीन टिकला असं मानतात. आदिवासी समाजात तो जास्त आहे, पण इतर समाजांतही आहे. नवरा-बायको दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात 25 टक्के शक्यता एसएस लेकराची. एकच एएस आणि दुसरा एए, म्हणजे सिकलचा जीन नसलेला, असेल तर एसएस होत नाही. म्हणजे एसएस लेकराला दोघांकडूनही एक-एक जीन आलेला असतो, तरी सासरचे सुनेलाच बोल लावतात, हे थांबायला पाहिजे.

तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन आहे का एवढंच बघणारी, पण ती एएस आणि एसएस दोघांचीही पॉझिटिव्ह येते, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, झाल्याशिवाय पिच्छा सोडू नका आणि रिपोर्टवर पॅटर्न लिहून घ्या. एसएस निघालं तर हायड्रॉक्सियुरिया या औषधाबद्दल विचारा, त्यानं बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, मात्र मध्येमध्ये रक्त तपासावं लागतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं प्रमाणपत्र काढा, आणि साध्या एसटीत सिकलच्या पेशंटला तिकीट माफ आहे हे तर आमच्या गावात कित्येकांना माहीतच नव्हतं.