सिलिंडरचा नंबर आणि चांदण्या

दुर्बीण हातात पडली की शेजारचं कोणीतरी हमखास म्हणतं, "चष्मा काढ, मग नीट दिसेल." दिवसा हा सल्ला खपून जातो. शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो बघताना मधलं चाक जरा फिरवलं की काम झालं. मायनस-प्लसचा नंबर ते चाक भरून काढतं. बिंग फुटतं ते रात्री, आणि तेही चष्म्याच्या कागदावर 'सिलिंडर' या रकान्यात आकडा असलेल्यांचं, म्हणजे ज्यांच्या डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसतो त्यांचं. माझ्या उजव्या डोळ्याच्या रकान्यात उणे दीड आहे. चष्म्याशिवाय रोहिणी तारा मला ठिपका म्हणून दिसतच नाही, तिरकी रेघ दिसते, आणि चाक कितीही फिरवलं तरी ती रेघ फक्त आपली दिशा बदलते.

दिवसा हे जाणवत नाही, कारण उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. काळोखात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त उघडते. मग डोळ्यातल्या भिंगाच्या मधल्या सराईत भागाबरोबर कडेचा भागही कामाला लागतो. पंगत वाढली की नवशिक्या पोरांच्या हातात वरणाची बादली द्यावी लागते, तसलं हे. कडेचे किरण मधल्यांच्या आधीच एकत्र येतात आणि ठिपक्याभोवती पिसारा फुलतो. चांदणीला आपण जी टोकं काढतो तीही आकाशातली नाहीत, आपल्याच डोळ्यातली आहेत.

हे पहिल्यांदा नोंदवून ठेवणारे लोकही रात्री जागणारेच होते. ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी १७८९ मध्ये लिहून ठेवलं की ताऱ्यांसाठी त्यांना दिवसापेक्षा जास्त नंबरचं भिंग लागतं. पुढे त्याच खुर्चीवर बसलेल्या एअरींच्या डाव्या डोळ्याला दिव्याचा ठिपका रेघेसारखा दिसे. त्यांनी तो दोष स्वतःच मोजला आणि इप्सविचच्या एका चष्मेवाल्याकडून एका बाजूने सिलिंडरसारखी घासलेली काच करून घेतली. १८२५ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. माझ्या कागदावरचा तो रकाना तिथून आलेला.

आमची इमारत मुलुंडला, मागे नॅशनल पार्कचा डोंगर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मुलाने परदेशातून डिजिटल नाइट व्हिजन, म्हणजे अंधारात दाखवणारी दुर्बीण, आणून दिली. त्यात आपण डोंगर बघतच नसतो. आतला सेन्सर आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टिपतो आणि डोळ्यापुढच्या इवल्याशा पडद्यावर चित्र उमटवतो. आपण भिंगातून बघतो तो पडदा. म्हणजे यंत्राने अंधार कितीही हटवला तरी शेवटचा टप्पा आपल्याच डोळ्याचा. काका चष्मा खिशात ठेवून गच्चीवर आले आणि कुरकुरायला लागले, "यंत्रच खराब आहे गं, सगळं पसरट दिसतंय."

"काका, मान सरळ ठेवा आणि ते यंत्र हळूहळू आडवं करा. पसरटपणा यंत्राबरोबर फिरतो का?"

"नाही. आहे तिथेच आहे."

"मग यंत्र बरं आहे. चष्मा घाला."

"अगं, पण मग हे रबर डोळ्याला टेकत नाही!"

रबर दुमडायचं असतं. एवढीशी गोष्ट, पण दुकानात कोणी सांगत नाही. चष्मा लावणाऱ्याने दुर्बीण घेताना आधी आय रिलीफ विचारावा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. १५ मिलिमीटरच्या खाली असेल तर चित्राच्या कडा कापल्या जातात.

आणि ७×५० च्या (सातपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) मोहात पडू नये, असं माझं ठाम मत आहे. ५० ला ७ ने भागलं की बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी निघते, ७ मिलिमीटरहून थोडी जास्त. साठीच्या डोळ्याची बाहुली मुळात पाचच्या आसपासच उघडते. जास्तीचा उजेड बुबुळावर सांडतो. तरुण डोळ्यात तो शिरतो खरा, पण कडेच्या नवशिक्या भागातूनच. शिवाय मुंबईचं आकाश कधी काळं होतंच कुठे! वांगणीला आकाशदर्शनाला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गच्चीवर १०×४२ पुरते. झोत ४ मिलिमीटरचा, त्यामुळे डोळ्याचा मधला भागच वापरला जातो आणि रेघ निम्मीअर्धी आवरते. मोठ्या टेलिस्कोपमधून जास्त मॅग्निफिकेशनला शनी बघायचा असेल तर झोत मिलिमीटरभराचा उरतो. तिथे चष्मा खुशाल काढावा, सिलिंडर लुडबुड करत नाही. (पावसाळ्यात मात्र सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. आपल्या हवेत भिंगांना बुरशी लागायला वेळ लागत नाही.)

काकांना बिबट्या अजून दिसलेला नाही. कंपाउंडपलीकडचे दोन कुत्रे मात्र आता कानाच्या टोकापर्यंत रेखीव दिसतात, आणि त्यातला लंगडा कुठला यावर त्यांचा वॉचमनशी रोज वाद होतो.