आठ लाख साठ हजारांचा कागद

व्यापाऱ्यावर दावा टाकायचा म्हणून वकिलाकडे गेलो, तेव्हा पोराच्या वहीचं एक पान फाडून त्यावर हिशेब लिहून नेला होता. करारातला दंड 3 लाख, पोरीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज 60 हजार, मनस्ताप अन् बदनामी 5 लाख. वकीलसाहेबांनी पान वाचलं, चष्मा काढला अन् म्हणाले, "भाऊ, हे कोर्टाले लिवलं का देवाले?"

भानगड अशी. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा. 2023 च्या आंबिया बहाराचा (वर्षाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातून आलेल्या फळाचा) सौदा सप्टेंबरातच झाला, उभा बगीचा 4 लाख 80 हजारांत. 1 लाख बयाणा, म्हणजे इसार, हातात, 10 डिसेंबरपर्यंत तोड करायची, बाकी पैसे तोडीच्या वेळी. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलं, दोन साक्षीदार घेतले. शेवटी एक ओळ होती: जो करार मोडेल त्याने दुसऱ्याला 3 लाख द्यावे. ती ओळ मला फार आवडली होती.

त्या साली बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क किलोमागे 88 रुपयांपर्यंत नेलं, तिकडे जाणारा माल अडला अन् इकडे भाव बसले. व्यापाऱ्याचा फोन लागेना. फळ झाडाखाली गळू लागलं. शेवटी जानेवारीत दुसऱ्याला 2 लाख 10 हजारांत बगीचा दिला.

वकीलसाहेबांनी माझ्या पानावर लाल पेन चालवला. आधी गेले मनस्तापाचे 5 लाख. सौदा मोडला म्हणून जीव जळाला, याचे पैसे व्यापारातल्या करारात सहसा मिळत नाहीत. शिवाय दाव्याचा आकडा फुगवला की कोर्ट फीही फुगते, अन् ती आधी आपल्याच खिशातून जाते.

मग व्याज. त्यासाठी त्यांनी एका गिरणीची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरच्या गिरणीचा दांडा तुटला, वाहतूकदाराने तो पोचवायला उशीर केला अन् गिरणी बंद पडली. बंद काळातला नफा मालकाला मिळाला नाही, कारण असं खास नुकसान होईल याची कल्पना करार करताना दोघांनाही हवी. 1854 चा हा निकाल, अन् आपल्या 1872 च्या करार कायद्यातलं कलम 73 त्याच वळणाचं. लग्नाचं कर्ज मी व्यापाऱ्याला सांगितलं होतं खरं, पण सह्या झाल्यावर, चहा पिताना. चहाच्या आधी सांगितलं असतं तर निदान भांडायला जागा होती.

अन् माझी आवडती ओळ? कलम 74. करारात लिहिलेला दंड ही वरची हद्द असते. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं, अन् ज्याचं नुकसान मोजता येतं तिथे ते मोजायलाच लावतं. म्हणून साधं गणित मांडलं: 4 लाख 80 हजारांतून 2 लाख 10 हजार वजा, त्यातून माझ्याकडेच पडून असलेला बयाणा वजा. उरले 1 लाख 70 हजार. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "एवढ्यासाठी कोर्टात जाशील त चपला झिजतीन." करार मोडल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. मी तीन महिन्यांतच दावा टाकला, राग थंड व्हायच्या आत.

समन्स, तारखा, पुन्हा तारखा, ते सांगत बसत नाही. मोबाइलवरचे मेसेज नुसते छापून चालत नाहीत, सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, एवढं मात्र लक्षात ठेवा. उलट व्यापाऱ्यानेच प्रतिदावा टाकला, माझा 1 लाख बयाणा परत द्या म्हणून!

खरा दणका उलटतपासणीत बसला. समोरच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, "20 डिसेंबरला तुमच्या बगीच्यात दुसरा व्यापारी आला होता ना? 2 लाख 60 हजार म्हणत होता ना?" म्हणत होता. मी त्याला हाकलून दिलं होतं. ज्यानं लिहून दिलं त्यालाच तोडायला लावीन, ही माझी जिद्द. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण तो माणूस बाहेर बाकावर बसलेला दिसत होता. मी हो म्हणालो.

बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी सांगितलं, नुकसान कमी करायची संधी असताना ती सोडली, तर तेवढं नुकसान आपल्याच पदरात. म्हणजे 50 हजार माझ्या जिद्दीचे. राहिले 1 लाख 20 हजार.

प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. व्यापारी 80 हजारांवर अडला, मी 1 लाख 20 वर. पॅनेलवरच्या बाईंनी दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. पावणेदोन तासांनी 1 लाख 10 हजारांवर सह्या झाल्या, बयाणा माझ्याकडेच. दोन हप्ते ठरले. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी मी तो कागद तीनदा वाचला. तडजोड झाल्यामुळे कोर्ट फीही परत मिळाली.

औंदा बगीचा दुसऱ्या व्यापाऱ्याला दिला. दंडाची ओळ लिहिलीच नाही. त्याऐवजी लिहिलं, ठरल्या तारखेनंतर 7 दिवसांत तोड झाली नाही तर माल दुसऱ्याला विकायची मला मोकळीक, अन् जो फरक पडेल तो घेणाऱ्याने भरायचा. पोरीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटायचं आहे, तेही त्यात लिहिलं. व्यापारी वाचून हसला अन् म्हणाला, "हे कायले टाकलं भाऊ?" मी त्याला पेन दिला. चहा सह्या झाल्यावर मागवला.