इतक्या लांब आलोच आहोत तर…

नाशिकहून कामशेतला चार-पाच तास गाडी हाकत गेलं की पॅराग्लायडिंगमधला सर्वांत धोकादायक विचार डोक्यात शिरतो: आता उडायचंच. त्यामुळे वाऱ्याची मर्यादा घरीच, चहा पिताना कागदावर लिहावी. नवख्यासाठी ताशी २० किमी पुरे. टेकऑफवर पाच मिनिटं वारा मोजा. सरासरी १८ आणि झोत ३० दिसले, तर सरासरी विसरा. झोतच ग्लायडरचा कापडी पंख दुमडतो. ग्लायडरचा साधा वेग ताशी ३५-३८, म्हणजे वारा तितका झाला की पुढे सरकणं थांबतं, मग मागे डोंगरापलीकडच्या भोवऱ्यात. ‘तो उडाला की!’ हा पुरावा नव्हे; त्याचा पंख, वजन, अनुभव वेगळा. मार्च-एप्रिलच्या भरदुपारी तर थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारे हवेचे प्रवाह, फारच आडदांड.